कोऱ्या उंदरांचे ठिपके

नांदे, १४ नोव्हेंबर २००५

जुईली,

'प्रिय' लिहायला पेन टेकवलं आणि उचललं. तेव्हा नुसती जुईलीच.

तुझं सामान खोलीत जसंच्या तसं आहे. निळी बादली, चादर, सावंतवाडीहून आणलेली आमसुलांची बरणी. बरणीवर मी पेनाने रेघ मारून ठेवली आहे. आपण कामावर गेलो की घरमालकीण रत्नाबाई वर येतात हा माझा जुना संशय. यावरून तू मला किती चिडवायचीस! म्हणे, मेधा आमसुलांवरसुद्धा पाळत ठेवते. तू सावंतवाडीला निघून गेल्यापासूनच्या तीन आठवड्यांत आमसुलं रेघेच्या खाली गेलेली नाहीत, पण म्हणून मी रत्नाबाईंना लगेच निर्दोष ठरवणार नाही.

मुद्द्याचं बोलते. मला तुझ्याकडून एक ओळ हवी आहे. 'बावीस ऑगस्टला मी कंट्रोलच्या उंदरांना सलाइनऐवजी लस टोचली.' चुकून टोचली असं लिहिलंस तरी चालेल. ती ओळ हातात आली की मी जनार्दन सरांना सांगून चौकशी मिटवते आणि तुझा अडकलेला अनुभवाचा दाखला मोकळा होतो. दाखल्याशिवाय तुला कोणती लॅब दारात उभी करणार आहे?

मी आकसाने काही केलेलं नाही, जे दिसलं तेच अहवालात लिहिलं. बारा उंदीर लसीचे, बारा तुलनेसाठी नुसत्या सलाइनचे, म्हणजे कंट्रोल. टोचलंस तू, कोणाला काय टोचलं याची यादीही तुझ्यापाशी. प्लेटवरचे ठिपके मोजले मी, कोणता खळगा कोणत्या उंदराच्या पेशींचा हे माहीत नसताना. यादी उघडली तेव्हा लसीचे खळगे ठिपक्यांनी भरलेले होते, ते भरायलाच हवे होते. सलाइनचे कोरे यायला हवे होते. तिथेही ठिपकेच ठिपके. दोन गटांत फरकच नाही म्हटल्यावर चार वर्षांची लस मातीत गेली.

बहिरूदादांनी एकदा विचारलं होतं, आठवतं? 'ताई, लस म्हंजी लस. तिच्यात येवढं काय सोधायचं?' तू चक्क पोत्यावर बसून त्यांना समजावलंस. क्षयाचा जंतू पेशीच्या आत शिरून दडतो, रक्तात फिरणाऱ्या अँटीबॉडीला तो दिसत नाही. त्याला धरायला टी पेशी लागतात, त्या घराघरात डोकावून बघतात. आपण जंतूचे असे तुकडे निवडतोय, की जे एकदा दाखवले की टी पेशी ते लक्षात ठेवतील. आणि प्लेटवरचा एक ठिपका म्हणजे ओळख पटलेली एक पेशी. बहिरूदादा म्हणाले, 'म्हंजी वळख परेडच की.' आपण दोघी पोट धरून हसलो. ज्यांच्या शेतावर आपली लॅब उभी आहे, जे आता तिथेच प्राणिगृहात कामाला आहेत आणि ज्यांच्या माडीवर आपण भाड्याने राहतो, त्या माणसाला लस इतकी नीट समजावणारी तूच होतीस. म्हणून जास्त राग येतो.

माझ्याकडे बोट दाखवायचा विचार असेल तर सोडून दे. प्राणिगृह माझ्या ताब्यात आहे. पिंजऱ्यातली भुशाची गादी रोज बदलली, पाणी रोज बदललं, खाद्य रोज घातलं. ऑगस्टच्या एकूण एक दिवसापुढे माझी सही आहे. कोणीही रजिस्टर बघावं.

एक ओळ, जुईली.

मेधा

*

नांदे, ३ डिसेंबर २००५

जुईली,

उत्तर नाही. मला वाटलंच होतं.

मग तुला एक गोष्ट सांगूनच टाकते, म्हणजे माझा संशय हवेतला नाही हे तुला कळेल. सप्टेंबरात तुझ्या नावाने हैदराबादच्या कंपनीचं पाकीट आलं होतं. ते मी उघडलं. चहाच्या पातेल्यावर धरलं, कड सुटली, वाचलं, पुन्हा चिकटवलं आणि तुझ्या उशीवर ठेवलं. मुलाखतीचं बोलावणं होतं. हे वाईट आहे हे मला कळतं. पण तूच सांग, एका स्कूटरवरून रोज कामावर जाणाऱ्या, एका डब्यात जेवणाऱ्या बाईने इतकी मोठी गोष्ट लपवावी?

मी वाट पाहिली. आज सांगेल, उद्या सांगेल. तू जेवताना इकडचं तिकडचं बोलायचीस आणि मी मनात म्हणायचे, बघा, किती सराईत आहे. मग ऑक्टोबरात कोऱ्या उंदरांचे ठिपके निघाले, तेव्हा मला हिशेब लागला. त्या लोकांचीही क्षयाचीच लस चालू आहे. आपली बुडाली की त्यांचं फावलं.

खरं तर ऑगस्टात आईच्या डोळ्याचं ऑपरेशन उरकून मी परभणीहून परत आले, तेव्हापासूनच तू मला वेगळी वाटत होतीस. काहीतरी बोलायला यायचीस आणि परत फिरायचीस.

मीटिंगमध्ये तू एकच वाक्य बोललीस. 'कंट्रोलना खोटं ठरवण्याआधी त्यांनी काय पाहिलंय ते विचारा.' काय पाहणार गं ते? पिंजरा, मक्याच्या कणसाचा भुसा आणि मला. तुझं ते वाक्य मी अहवालात 'उत्तर देणे टाळले' या सदरात घातलं आहे.

सर म्हणाले, सबंध प्रयोग पुन्हा करू. नवे उंदीर आले आहेत. या वेळी टोचणारीही मी आणि मोजणारा दुसरा. पाहूच.

मेधा

*

नांदे, ११ जानेवारी २००६

जुईली,

निकाल लागला. लसीचे खळगे भरलेले, सलाइनचे कोरे. अगदी कोरे. तीच लस, तीच जात, तेच खाद्य, तीच खोली. नव्हतीस ती फक्त तू.

यापुढे काय लिहू? सरांनी सगळ्यांदेखत माझी पाठ थोपटली. लस जिवंत आहे, मी जिंकले, तुझ्याबद्दल खरं बोलले हेही सिद्ध झालं. आता तुझ्या एका ओळीची मला गरज उरलेली नाही. तुला आहे.

पेढे वाटले. बहिरूदादांनी पेढा हातात घेतला आणि विचारलं, 'जुईताईंना कळवलं का?' मी म्हटलं, हो. त्यांना काय सांगणार! संध्याकाळी निघताना स्कूटर चालू केली आणि मागची सीट दबायची वाट बघत उभी राहिले. पहारेकरी म्हणाला, 'मॅडम, काही राहिलं का?' मला त्याचाही राग आला.

मेधा

*

नांदे, ८ फेब्रुवारी २००६

जुईली,

पोस्टकार्ड मिळालं. 'उघडंच पाठवते आहे, तुला वाफेचा त्रास नको.' वा! पोस्टमनने वाचलं, रत्नाबाईंनी शेजारच्या मुलीकडून वाचून घेतलं, आता सगळ्या नांद्याला ठाऊक आहे की मी पाकिटं उघडते. रत्नाबाई मला म्हणतात कशा, 'मेधाताई, वाफंनं डिंक सुटतुया व्हय? आमाला न्हवतं ठावं.'

आणि मजकूर काय, तर 'मी टोचलं ते सलाइनच. टी पेशी न भेटलेल्याला ओळखत नाही. दोन्ही वेळच्या उंदरांनी काय काय पाहिलं याची यादी कर.' मला शिकवतेस? टी पेशींचा पाठ तू माझ्याकडून शिकलीस, मुली.

हैदराबादचा सरांना फोन आला होता. तुझी निवड झाली आहे, पण एकतीस मार्चच्या आत स्वच्छ दाखला पोचला नाही तर जागा दुसऱ्याला जाणार. सरांनी फोन ठेवून माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, 'मेधा, तुझी खात्री आहे ना? मुलीचं नाव कायमचं जाईल.' मी म्हटलं, 'दोन प्रयोगांचा निकाल तुमच्यासमोर आहे, सर.' हे वाक्य मला आधीच तयार करून ठेवावं लागलं होतं.

यादी मी केली, तुला खोटं पाडायला म्हणून. पहिल्या वेळचे उंदीर जुलैअखेर आले, दुसऱ्या वेळचे नोव्हेंबरात. विकत घेतले तेही एकाच ठिकाणाहून. खाद्य एक. पाणी एक. गादीसाठी मक्याचा भुसा, तो वाफेच्या यंत्रात निर्जंतुक करून मगच आत. सगळं रजिस्टरप्रमाणे. मी जुलैची पानं पाहिली, सप्टेंबरची पाहिली. ऑगस्टची राहिली, डोकं दुखायला लागलं म्हणून उठले.

तुझ्या कार्डावर सावंतवाडीचा शिक्का आहे, पण तारीख पुसट आहे. मुद्दाम?

मेधा

*

नांदे, २७ फेब्रुवारी २००६

जुई,

आज रविवार नाही, तरी घरी आहे. रजा टाकली. जे घडलं ते जसंच्या तसं लिहिते.

काल सकाळी अंगणात कपडे वाळत घालत होते. रत्नाबाई गाईला पेंढा टाकत होत्या. मला म्हणाल्या, 'औंदा पेंढा पुरंल. गेल्या साली निम्मा तुमच्या उंदरांनीच न्हेला.'

मी म्हटलं, 'गोठ्यात उंदीर झालेत का?'

'गोठ्यातलं न्हाई वो! तुमचं, कंपनीतलं, पांढरं. आमचं मालक रोज सकाळी पोतं भरून न्यायचं. पानी लई झालं, रस्तं बंद पडलं, तवा तुमचा तो मक्याचा भुसा येईना. तुमी बी हितं न्हवता, आईकडं गेल्ता.'

ओल्या ओढणीचं पाणी पायावर गळत होतं, ते मला बऱ्याच वेळाने कळलं.

बहिरूदादांना गाठलं. ते प्राणिगृहाबाहेर बाटल्या धूत होते. मी विचारलं, 'पेंढा घातला होता?' म्हणाले, 'व्हय. धा-बारा दीस. मग झेंडावंदनाच्या आधल्या दिशी भुशाची गाडी आली, तवा काढला.'

'निर्जंतुक न करता?'

'त्या यंत्राला कोन हात लावनार? तुमीच ताकीद दिल्ती, माझ्याबिगर चालू करायचं न्हाई. म्या चुलीपाशी शेकवून न्यायचो. आपल्याच खाचरातला पेंढा, काय वंगाळ न्हवता. उंदरं लई खूस हुती, बिळं करून बसायची.'

'चौकशीत का नाही सांगितलंत?'

'कुनी इचारलं? मोठ्या साहेबांनी इचारलं, गादी रोज बदलली का. म्या सांगितलं, व्हय, रोज. आता ते काय खोटं हाय?'

खोटं नव्हतंच. आम्ही सगळ्यांनी फक्त सुईचं विचारलं होतं. सुई कोणाच्या हातात होती, यादी कोणाच्या कपाटात होती. गादीचं उत्तर 'रोज' आलं आणि आम्ही पुढच्या प्रश्नाला गेलो.

आता ऐक, मी किती हलकट आहे. त्या क्षणी माझ्या मनात काय आलं असेल? मी त्यांना विचारलं, 'तुम्हाला हे सांगायला जुईलीने शिकवलं का?' त्यांनी हातातली बाटली खाली ठेवली. 'ताई,' म्हणाले, 'तुमी कुनावर तरी इस्वास ठिवता का वो?' आणि पुन्हा धुवायला लागले.

भाताच्या खाचराच्या चिखलात क्षयाच्या जंतूचे निरुपद्रवी भाऊबंद असतात, हे तुला-मला पहिल्या वर्षापासून माहीत आहे. ते पेंढ्याबरोबर येऊ शकतात. आपण निवडलेले तुकडे त्यांच्यातही असू शकतात. म्हणजे कंट्रोलच्या उंदरांची त्यांच्याशी आधीच गाठ पडलेली असू शकते. असू शकते, एवढंच म्हणते. अजून सिद्ध काही नाही. मी आठ नवे उंदीर बहिरूदादांच्या पेंढ्यावर ठेवले आहेत, त्यांना काहीही टोचणार नाही. चोवीस मार्चला मोजेन. तोवर सरांकडे शब्द काढत नाही. उगाच अर्धवट बोलून काय उपयोग?

हे मी शास्त्रासाठी थांबते आहे, हे लक्षात घे.

मेधा

*

नांदे, २५ मार्च २००६

जुई,

काल मोजले. आठच्या आठ उंदरांत ठिपके. सुईचा स्पर्श नाही, लसीचा थेंब नाही, नुसता पंचवीस दिवस पेंढा. मोजणारा माझ्या शेजारी होता, तो 'अरे!' म्हणाला.

गेल्या पत्रात मी तुला अर्धंच सांगितलं. बहिरूदादांना मी आणखी एक प्रश्न विचारला होता. 'मला का नाही सांगितलंत परत आल्यावर?' ते म्हणाले, 'तुमची सही तर आधीच हुती की बुकात. मला वाटलं, मॅडमना समदं ठावंच हाय.'

सही आधीच होती. तीस जुलैला दुपारी मी प्राणिगृहाच्या स्टुलावर बसून सबंध ऑगस्टच्या सह्या केल्या. एकतीस. पेनं बदलून. निळं, काळं, मधे दोन दिवस ते तुझं जाड टोकाचं. एक-दोन सह्या मुद्दाम घाईत, एक किंचित तिरकी, रोजच्या वाटाव्यात म्हणून. 'भुसा: निर्जंतुक' या रकान्यात एकतीस वेळा 'होय' लिहिलं. भुसा चार दिवस पुरेल इतकाच आहे हे मला दिसत होतं. आईचा डोळा लवकर दाखवायचा होता, रजेचा अर्ज केला असता तर सरांनी प्रयोग पुढे ढकलला असता, आणि मला पहिली सुई बावीस तारखेलाच हवी होती. सरांना दोनच दिवस सांगून मी सतरा दिवस राहिले. पुढे रस्ते बंद झाले ही सबब आयतीच मिळाली. मी परत आल्यावर तू काहीतरी बोलायला यायचीस आणि परत फिरायचीस, ते याबद्दलच होतं ना?

ऑक्टोबरात ठिपके निघाले तेव्हा ते सतरा दिवस मला आठवले नाहीत असं वाटतं तुला? पहिल्या मिनिटाला आठवले. आणि दुसऱ्या मिनिटाला मला तुझं ते पाकीट आठवलं. किती बरं वाटलं म्हणून सांगू. त्यानंतर मी पाच महिने तुझ्याकडे बोट दाखवत राहिले, ते रजिस्टरचं ते पान कोणी उघडू नये म्हणून.

मला लाज वाटते, जुई. पेंढ्याची वाटत नाही, तो अपघात होता. पण अहवालात तुझं नाव मी वळणदार अक्षरात, एकही खाडाखोड न करता लिहिलं, याची वाटते.

आज सकाळी रजिस्टर उचललं आणि सरांच्या टेबलावर ऑगस्टचं पान उघडून ठेवलं. सगळं सांगितलं, पेनांसकट. ते एक-एक सही बोटाने चाचपत गेले. मग विचारलं, 'पेंढा कुठल्या खाचरातला?' मला वाटलं ओरडतील. ते उठून खिडकीशी गेले. म्हणाले, 'आपण ही लस टोचणार कोणाला? या मुळशीत भाताच्या आवणीला गुडघाभर चिखलात उभ्या राहणाऱ्या बायकांना. निर्जंतुक भुशावर वाढलेल्या उंदरांना नाही. त्या बायकांच्या टी पेशींनी आधी काय काय पाहिलंय ते धरून लस आखायला हवी, हे तिने मीटिंगमध्ये सांगितलं होतं ना?' मी म्हटलं, हो. 'आणि तू ते कुठे घातलंस?' मी त्यांना अहवालातलं ते सदर दाखवलं.

यापुढे प्रत्येक प्रयोगात तिसरा गट असेल, पेंढ्यावरचा. आपल्या लसीने त्या गटातही फरक दाखवला तरच ती खरी. कल्पना तुझी म्हणून नोंदवायला मी सांगितलं, सरांनी नोंदवली.

प्राणिगृह माझ्याकडून काढलं आहे. माझ्यावर वेगळी चौकशी बसेल. बहिरूदादांना कोणी काही म्हणायचं नाही हे मी आधी कबूल करून घेतलं आणि मगच पान उघडलं. निम्मी जमीन गेली त्यांची, आता नोकरीही जायला नको. शिवाय त्या सतरा दिवसांत उंदरांची काळजी त्यांनी एकट्यानेच घेतली.

तुझ्या दाखल्याचं विचारलं. सर म्हणाले, 'मी स्वतः लिहीन.' काय लिहिणार ते सांगितलं नाही. मी खोदून विचारलंही नाही, यावर तुझा विश्वास बसायचा नाही.

मेधा

*

नांदे, २८ मार्च २००६

प्रिय जुई,

सोबत दाखल्याचं बंद पाकीट आहे. हैदराबादला सरांनी काल परस्पर फॅक्स केला, तेव्हा एकतीस तारखेची धास्ती घेऊ नकोस. मूळ प्रत मात्र त्यांनी माझ्या हातात दिली. 'मेधा, हे तूच पाठव,' म्हणाले. शिक्षा असावी.

रात्रभर ते टेबलावर होतं. आत तुझ्याबद्दल काय लिहिलंय, माझ्याबद्दल काय लिहिलंय, तुझ्यावरचा डाग पुसताना सरांनी माझं नाव घेतलंय की नाही, मला काही माहीत नाही. सकाळी चहा ठेवला, पातेल्यातून वाफ यायला लागली. मी पाकीट रत्नाबाईंकडे नेऊन दिलं आणि म्हटलं, मी चहा पिऊन येईपर्यंत हे सांभाळा. त्यांनी ते पदराखाली धरलं आणि म्हणाल्या, 'जावा, पिऊन या. म्या हाय हितंच.'

आता शेजारच्या जांबे गावातल्या कुरिअरवाल्याकडे निघाले आहे. बादली आणि चादर पार्सलने वेगळी येईल. आमसुलं मी ठेवून घेते. बरणीवरची रेघ पुसली.

पाकीट मिळालं की आधी चिकटवलेली कड उजेडात धरून नीट बघ. संकोच करू नकोस, तुझ्या जागी मी असते तर तेच केलं असतं. बघून झालं की मग उघड.

मेधा